जुन्या गाडीचे इंडिकेटर आणि ब्रेकलाइट : या चुका टाळा

ब्रेक दाबला की पुढचा डावा इंडिकेटर मंद मिणमिणतो. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा त्याच तालावर कमी-जास्त होतो. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला तर प्रकाश वाढायच्या ऐवजी उतरतो. गाडी असं करू लागली की बहुतेक जण आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा डबा) बदलतात, मग बल्ब, मग स्टिअरिंगखालचा स्विच. माझ्या अ‍ॅम्बॅसिडरवर मीही हेच केलं. दोन फ्लॅशर आणून झाले, फरक शून्य. शेवटी बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियन मामांकडे गाडी नेली. त्यांनी डिकी उघडली, मागच्या दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बल्ब काय बदलत बसलायस? आधी अर्थ बघ की."

अर्थ म्हणजे करंटची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची वाट. त्यांनी एक लांब वायर घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या अर्थ पोस्टला लावलं, दुसरं मागच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवलं आणि मला ब्रेक दाबायला सांगितला. दिवा एकदम लालभडक झाला, पुढचं मिणमिणणं गेलं. वायर काढली, पुन्हा तेच.

अर्थ गृहीत धरणं, ही सगळ्यात मोठी चूक

मागच्या दिव्याचा अर्थ तुटला तरी करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. ब्रेकच्या फिलामेंटमधून (बल्बमधल्या तारेतून) आलेला करंट त्याच होल्डरमधल्या इंडिकेटर किंवा पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या बल्बमधून बॉडीला जातो. दोन फिलामेंट एकामागे एक आली, म्हणून दोन्ही मंद.

माझ्या गाडीला नवा रंग दिला होता. दिवा बसतो त्या जागेवरही रंगाचा जाड थर, खाली रबरी गास्केट, आणि स्क्रू गंजलेला. मग होल्डरला अर्थ मिळणार कुठून? खानापूर, चोर्ला, आंबोलीच्या पट्ट्यातला पाऊस चार महिने डिकीच्या रबरातून झिरपतो आणि गंज भरतो तो नेमका या स्क्रूभोवती. तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक दिव्यापासून वेगळी काळी वायर काढून चासीच्या स्वच्छ बोल्टला थिंबलने (वायरच्या टोकाला दाबायच्या धातूच्या कडीने) कसा. मी चारही कोपऱ्यांना तेच केलं आहे.

मल्टीमीटर असेल तर अंदाजावर जाऊच नका. ब्रेक दाबून धरायला कुणाला तरी सांगा. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ पोस्टवर, दुसरी होल्डरच्या पत्र्यावर. मीटर शून्याजवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ खराब आहे, मग बल्ब कितीही भारी असो. दिवा चालू असतानाच मोजा. बल्ब काढून मोजलं तर करंट वाहत नाही, आणि खराब जोडसुद्धा चांगला दिसतो.

बल्ब जबरदस्तीने बसवणं

ब्रेक आणि पार्किंग एकत्र असलेला बल्ब 21/5 वॉटचा, दोन फिलामेंटचा. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. इंडिकेटरचा 21 वॉटचा एकेरी बल्ब. त्याच्या खुंट्या समान उंचीवर. घाईत एकेरी बल्ब दुहेरी होल्डरात दाबून फिरवला तर त्याचं एकच मोठं टोक तळाच्या दोन्ही संपर्कांना जोडतं. मग ब्रेक दाबल्यावर पार्किंग आणि डॅशबोर्डचे दिवेही लागतात, आणि माणूस वायरिंग उचकटत बसतो. होल्डरच्या तळाशी हिरवी कीट आणि ढिली स्प्रिंग आहे का, तेही बघा.

फ्लॅशर आणि एलईडी

जुना फ्लॅशर आतल्या तारेच्या गरम होण्यावर चालतो. एका बाजूला 21 वॉटचे दोन बल्ब, म्हणजे 42 वॉट, 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर. तेवढा करंट वाहिला तरच तार ठरल्या वेगाने तापते. एक बल्ब उडाला किंवा 10 वॉटचा घातला की वेग बिघडतो. एलईडी घातले तर करंट इतका कमी की दिवा नुसता पेटून राहतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या आणि त्याची अर्थची वायर विसरू नका.

तरीही चारही दिवे एकदम लुकलुकले तर दोष डॅशबोर्डवरच्या बाणाच्या दिव्यात शोधा. काही गाड्यांत एकच दिवा डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. त्याला अर्थ मिळतो तो विरुद्ध बाजूच्या बल्बमधून. एलईडी इतक्या थोड्या करंटवरही पेटतात. दोन्ही बाजूंच्या वायरींतून एकेक 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिव्याच्या एका टोकाला आणा आणि दुसरं टोक बॉडीला जोडा, गोंधळ संपतो. डायोडवरची पांढरी पट्टी दिव्याकडे असू द्या.

त्याआधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो आणि काही जुन्या जीप 6 व्होल्टच्या आहेत. प्लस अर्थवर नेहमीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि एलईडी चालणार नाहीत, आणि वरचे डायोडही उलटे लावावे लागतील.

ब्रेकचा स्विच

जुन्या गाड्यांत बहुधा हा स्विच ब्रेकच्या पाइपवर असतो आणि ऑइलच्या दाबाने चालतो. म्हातारा झाला की पेडल जोरात दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. वंटमुरी घाट उतरताना पाय हलका ठेवून वेग आवरणाऱ्याला हे कळतच नाही. कळतं ते मागच्या ट्रकवाल्याला. स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून बघा. दिवा लागला तर स्विच गेला. नवा बसवल्यावर ब्रेकच्या पाइपातली एअर काढावीच लागते, नाहीतर दिवे लागतील पण ब्रेक मऊ पडेल. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आणि दिव्याचा भार स्विचवर न टाकता रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) टाका. मग ब्रेक स्विचचे संपर्क जळत नाहीत.

वायर, जोड आणि फ्यूज

घरातली एकेरी तांब्याची वायर गाडीत नको. हादऱ्याने तुटते. बारीक तारांची 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर पुरते. नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळू नका. उन्हाळ्यात गोंद वितळतो आणि मृगात त्याच जोडात पाणी शिरतं. थिंबल दाबून वर स्लीव्ह (तापल्यावर आकसणारी नळी) तापवून बसवा. लुकास (गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या वायरिंगमध्ये डाव्या इंडिकेटरची वायर हिरवी-लाल, उजव्याची हिरवी-पांढरी, ब्रेकची हिरवी-जांभळी. मधे कुणीतरी सगळीकडे लालच वायर घातली असेल तर दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी बांधूनच काम सुरू करा.

फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळू नका, कितीही अडचण असो. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, तो उडण्याचा आकडा. सतत वाहण्यासाठी तो 17 अँपिअरचाच. तिथे पात्याचा 35 चा फ्यूज लावला तर वायर आधी जळेल.

काम झालं की तिन्हीसांजेला गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा. पार्किंग, इंडिकेटर आणि ब्रेक एकदम चालू ठेवून दहा मिनिटं थांबा. भिंतीवरचा डावा आणि उजवा प्रकाश सारखा दिसला पाहिजे, ब्रेक सोडला-दाबला की ठळक फरक पडला पाहिजे. मग फ्यूजबॉक्सवर आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवून बघा. जो जोड हाताला गरम लागेल तो त्याच संध्याकाळी उघडा.