मॉडेल इंजिन धक्के खातंय? आधी धक्का कुठे बसतो ते बघा

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल हळू चालवताना अडखळायला लागलं की बहुतेक जण आधी मोटर उघडतात. तसं करू नका, मोटर क्वचितच बिघडलेली असते. सरळ, सपाट रुळावर अगदी कमी वेगात इंजिन चार-पाच वेळा पुढे-मागे न्या आणि नीट बघा: ते दर वेळी त्याच जागी अडतं, कुठेही अडतं, की ठरावीक अंतराने?

दर वेळी त्याच जागी अडत असेल तर दोष रुळात आहे, आणि संशय आधी जॉइनरवर (रुळाचे दोन तुकडे जोडणारी धातूची पट्टी) घ्यावा. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. जॉइनर रूळ सरळ धरतो, पण वीज नेण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. तो सैल होतो, आत गंज धरतो. साधारण दर मीटरला ०.५ चौ. मिमीची फीडर तार (रुळाला वीज पोचवणारी बारीक तार) रुळाला सोल्डर करा आणि टेबलाखालून नेलेल्या २.५ चौ. मिमीच्या मुख्य तारेला जोडा. सोल्डर करताना दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळून रूळ वाकडे होतात. डीसीसी (रुळांतून डिजिटल आदेश देऊन इंजिन चालवण्याची पद्धत) असेल तर शेवटी दर मीटरवर दोन्ही रुळांवर एक नाणं आडवं ठेवून बघा. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं उपकरण) ताबडतोब बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तिथली वायरिंग अपुरी आहे आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी तारा तापतील.

पॉइंटवरच (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) थांबत असेल तर फ्रॉग, म्हणजे तिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा आहे का बघा. तिथे वीज नसते, आणि ०-६-० सारख्या (फक्त सहा चाकांच्या) आखूड इंजिनाची वीज घेणारी चाकं नेमकी त्यावर आली की ते थांबतं.

कुठेही, कसंही अडत असेल तर कारण मळ. किचन पेपरची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून रुळांवर आडवी टाका. इंजिनाची अर्धी चाकं पट्टीवर, अर्धी उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हलकेच धरा आणि वीज द्या. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. पट्टी सरकवत रेघा फिकट होईपर्यंत हेच करा, मग इंजिन उलट दिशेने ठेवा. रुळांना सँडपेपर कधीही लावू नका. त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा लवकर बसतो. तेल ॲक्सलच्या बेअरिंगला सुईच्या टोकाने एकच थेंब पुरतं. जास्त झालं तर ते चाकावर उतरतं आणि पुन्हा मळ धरतं.

ठरावीक अंतराचा धक्का सगळ्यात जास्त सांगून जातो. मोठ्या चाकाचा व्यास ३.१४ ने गुणा, की परीघ मिळतो. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलार्ड’ या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाची चाकं ६ फूट ८ इंच, म्हणजे २०३२ मिमी. ओओ स्केलमध्ये (१:७६.२) ती २६.७ मिमी होतात आणि परीघ ८४ मिमी. त्या मॉडेलला दर ८४ मिमीला धक्का बसत असेल, तर दोष चाकाच्या एका फेऱ्यातला आहे: क्वार्टरिंग (डाव्या-उजव्या चाकांच्या क्रँकमधला, म्हणजे रॉड जिथे जोडतात त्या खुंट्यांमधला, कोन) बिघडलंय, साइड रॉड (एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) वाकलाय किंवा ॲक्सलवरचा गिअर तडकलाय.

दोन सिलिंडरच्या खऱ्या इंजिनात डाव्या-उजव्या क्रँकमध्ये ९० अंशांचं अंतर असतं. एक पिस्टन टोकाला जाऊन अडला तरी दुसरा जोर लावतो. मॅलार्डला तीन सिलिंडर, म्हणून तिथे ते सुमारे १२० अंश. मॉडेलला मात्र मोटर ओढते, त्यामुळे नेमका कोन तितका महत्त्वाचा नाही. तो सगळ्या ॲक्सलवर सारखा असला म्हणजे झालं. एका ॲक्सलवर ८७ आणि दुसऱ्यावर ९० झाला की रॉड अडकतो.

तपासायला साइड रॉड काढा, इंजिन उलटं धरून वीज द्या. तरीही झटका येत असेल तर गिअर बघा. फिरणं गुळगुळीत झालं तर गिअर ठीक आहे. मग मोटरने फिरणारा ॲक्सल आणि आणखी एक, इतकेच रॉडने जोडून फिरवा, नंतर पुढचा. ज्या ॲक्सलवर अडेल त्याचं एक चाक पकडून दुसरं किंचित पिळा. रॉडची भोकं मोठी करायचा मोह आवरा. झटका त्याने कमी होतो खरा, पण रॉड कायमचे खडखडतात.