हिमसरोवरांच्या पठाराचा नकाशा करताय? या चुका टाळा

कड्याकपाऱ्यांच्या नकाशात चार-पाच मीटरची चूक खपून जाते. हिमनदीने घासून काढलेल्या उंच पठारावर मात्र तेवढ्याने ओढा उलटा वाहायला लागतो. म्हणून इथे आधी पाणी नीट बसवायचं, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नंतर.

सगळ्यात मोठा घोळ ड्रोनच्या फोटोंत होतो. सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फोटोंतले सारखे बिंदू जुळवून उंची काढतं. पाण्यावरची लाट आणि प्रतिबिंब दर फोटोत बदलतं, त्यामुळे जुळवायला काही सापडत नाही आणि सरोवराच्या मधोमध खड्डे नि सुळके उगवतात. एकाच तळ्यावरून तीन-तीन समोच्च रेषा गेलेल्या दिसल्या की समजायचं. स्मूदिंग मारून हे झाकू नका, त्यात काठाचा उतारही पुसला जातो. काठ हाताने आखा, पाण्याची पातळी दोन-तीन ठिकाणी जीएनएसएसने (जीपीएससारख्या उपग्रह-यंत्रणेने) मोजा, तीच उंची पूर्ण पृष्ठभागाला द्या, काठाला ब्रेकलाइन (उतार एकदम बदलतो तिथे सॉफ्टवेअरला दाखवायची रेषा) लावा आणि रेषा नव्याने काढा. सोबत मोजणीची तारीख हवीच. बर्फ वितळण्याच्या दिवसांत पातळी वेगळी असते.

दुसरी खोड ‘फिल सिंक्स’ची, म्हणजे खोलगट जागा भरून टाकणाऱ्या आज्ञेची. प्रवाह काढण्याआधी ते सरसकट चालवलं की बिनतोंडाची तळी आणि खोलगे भरून जातात, जे इथे अगदी खरे असतात. हिमोढाचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा) अरुंद बांधही ३० मीटर चौकोनांच्या डीईएममध्ये (उंचीच्या डिजिटल प्रारूपात) एकाच चौकोनात विरघळतो. बांधाचा माथा आणि पाणी बाहेर पडायची जागा स्वतंत्र मोजा.

एसआरटीएम (अवकाशयानातल्या रडारने मोजलेल्या उंचीचा डीईएम) वापरत असाल तर तो डेटा फेब्रुवारी २००० चा आहे. तेव्हा जिथे हिमनदी होती तिथे आज सरोवर असेल, तर डीईएम बर्फाचीच उंची दाखवणार. शिवाय रडार कोरड्या बर्फात थोडं आत शिरतं.

सगळ्याच उंच्या साधारण एकाच फरकाने चुकतायत? मग जीएनएसएसची लंबवर्तुळाभापासूनची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची) उंची भूआभाशी (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाशी) जुळवायची राहिली असेल. एसआरटीएमला ईजीएम९६ हा भूआभ आहे, कोपर्निकस डीईएमला ईजीएम२००८. मिसळण्याआधी एकावर आणा.

आणि उपग्रहचित्रातून आपोआप काढलेली ‘सरोवरं’ उतारावर ठेवून बघा. तीव्र उतारावर टेकलेलं तळं म्हणजे बहुधा कड्याची सावली.