सिक्युरिटी प्लसचा सराव: आधी चुकीचे तीन पर्याय

सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या परीक्षेत पहिल्या वेळी माझे 731 आले. पास व्हायला 750 लागतात. पुण्याहून सांगलीला परत येताना एसटीत बसून मी डोकं खाजवत होतो, कारण पेपरात एकही शब्द अनोळखी नव्हता. व्याख्या सगळ्या तोंडपाठ. पण चार पर्यायांतले दोन बरोबर वाटायचे आणि माझा हात नेमका नको त्यावर पडायचा.

मी सांगलीत कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं घेतो. दोन दवाखाने, एक पतसंस्था, काही सीएंची ऑफिसं. परीक्षा दिली ती कॉम्पटिआ या आयटीची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सिक्युरिटी प्लस, 701 आवृत्ती, नोव्हेंबर 2023 मध्ये आलेली. जास्तीत जास्त 90 प्रश्न, 90 मिनिटं. दुसऱ्या वेळी 788 आले. मधल्या चार महिन्यांत पुस्तक तेच होतं, सराव तेवढा बदलला. तो कसा, ते सांगतो.

एक दोनशे पानी वही घ्या. सरावाचा प्रश्न सोडवला की उत्तर बरोबर आलं तरी पुढे पळू नका. उरलेल्या तिन्ही पर्यायांपुढे एकेक ओळ लिहा: हा पर्याय बरोबर ठरायला प्रश्नात काय बदलावं लागेल? चुकीचा आहे हे कोणीही सांगेल. तो बरोबर कधी ठरेल हे सांगताना घाम फुटतो.

माझ्या वहीतलं एक पान देतो. प्रश्न असा: लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, पाच मिनिटांत, एकाच आयपी पत्त्यावरून, चाळीस वेगवेगळ्या खात्यांवर प्रत्येकी एक अपयशी लॉगिन. कोणता हल्ला? उत्तर पासवर्ड स्प्रेइंग, म्हणजे एकच सोपा पासवर्ड सगळ्यांच्या दारावर वाजवून बघणं. आता बाकीचे. ब्रूट फोर्स कधी? खातं एक आणि प्रयत्न हजारो असते तर. डिक्शनरी कधी? खातं एकच, पण प्रयत्न तयार शब्दयादीतून, असं प्रश्नात म्हटलं असतं तर. क्रेडेन्शियल स्टफिंग कधी? इथे मी अडकलो. लॉगमध्ये टाइप केलेला पासवर्ड दिसत नाही, त्यामुळे नुसत्या लॉगवरून स्टफिंग आणि स्प्रेइंग जुळ्या भावांसारखे दिसू शकतात. मग प्रश्न काढणाऱ्याला कुठेतरी इशारा द्यावाच लागतो: दुसऱ्या साइटवरून फुटलेले पासवर्ड, किंवा कर्मचारी तोच पासवर्ड सगळीकडे वापरतात. तो इशारा नाही म्हणून स्टफिंग नाही. एका प्रश्नात चार प्रश्नांचा अभ्यास झाला. रोज असे दहाच करा, शंभर नकोत.

हे लिहून झालं की तीच गोष्ट हाताने करा. आपल्याच विंडोज लॅपटॉपची स्क्रीन लॉक करा, तीनदा चुकीचा पासवर्ड टाका, मग बरोबर टाकून आत या. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिक्युरिटी. 4625 म्हणजे अपयशी लॉगिन, 4624 म्हणजे यशस्वी. 4625 ची नोंद उघडून आत लॉगऑन टाइप बघा. 7 म्हणजे लॉक उघडण्याचा प्रयत्न, 3 म्हणजे नेटवर्कवरून, 10 म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुरून यंत्र चालवणं. 4625 दिसतच नसेल तर अपयशी लॉगिनचं ऑडिट बंद आहे, आधी ते चालू करावं लागेल. त्या निमित्ताने हेही कळतं की सांगितल्याशिवाय यंत्र सगळं लिहून ठेवतंच असं नाही.

हॅशिंगचंही, म्हणजे फाइलचा ठसा काढण्याचंही, तसंच. नोटपॅडमध्ये ‘रक्कम 5000’ लिहून फाइल सेव्ह करा. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीत त्या फाइलवर गेट-फाइलहॅश चालवा. शा-256 या पद्धतीची 64 अक्षरांची माळ येईल, तोच हॅश. आता 5000 चे 5001 करा, परत चालवा. दोन्ही माळा वहीत एकाखाली एक उतरवून काढा, हाताने. जिथे अक्षरं जुळतात ती निव्वळ योगायोगाने जुळतात. मग स्वतःला विचारा की यातून काय सिद्ध झालं. फाइल बदलली एवढंच. ती कोणी बदलली ते कळलं नाही, आणि मजकूर लपला तर मुळीच नाही. शिवाय फाइल बदलणाऱ्याने शेजारी ठेवलेला हॅशही बदलला तर? तिथून पुढे डिजिटल सहीचा धडा सुरू होतो.

सहीचं मला सगळ्यात जास्त एका सीएच्या ऑफिसातल्या ड्रॉवरने शिकवलं. प्रिंटर बसवायला गेलो होतो. ड्रॉवरमध्ये अशिलांचे डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटावर पेनने लिहिलेला पिन. जीएसटी, रिटर्न, कंपनीची कागदपत्रं, सगळ्यांवर सह्या त्यांच्याच. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून प्रश्न सोडवा. सही टोकनमधल्या खासगी किल्लीने होते आणि तपासली जाते सार्वजनिक किल्लीने. गुप्त पत्र पाठवायचं असेल तर उलट, ते घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करायचं. परीक्षेत या दोन दिशांची अदलाबदल करूनच फसवतात. टोकन म्हणजे ‘जवळ असलेली वस्तू’, पिन म्हणजे ‘ठाऊक असलेली गोष्ट’, म्हणून दोन घटक. पासवर्ड आणि सुरक्षाप्रश्न मात्र दोन्ही ‘ठाऊक’ प्रकारातले, म्हणून एकच घटक. आणि नॉन-रिप्युडिएशन? मी वहीत लिहिलंय: सही केल्यावर कानावर हात ठेवता न येणं. ड्रॉवरमधल्या सहीचं गणित अगदी चोख असतं, पण मालक कानावर हात ठेवून ‘मी केलीच नाही’ म्हणाला तर तो खरंच बोलत असतो.

कंट्रोल्सच्या, म्हणजे सुरक्षेच्या उपायांच्या, प्रकारांनी मला पहिल्या वेळी बुडवलं होतं. प्रिव्हेंटिव्ह, डिटरंट, डिटेक्टिव्ह, करेक्टिव्ह, कॉम्पेन्सेटिंग, डायरेक्टिव्ह. ते घरी सुटले. आमचे आप्पा एसटीत कंडक्टर होते. रात्री जेवणानंतर मी त्यांना एकेक प्रकार सांगायचो आणि ते एसटीतलं उदाहरण द्यायचे. ‘आधी तिकीट, मग प्रवास’ हा नियम डायरेक्टिव्ह. विनातिकीट सापडल्यास दंड, ही पाटी डिटरंट. डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, आणि रोकड जुळवणं डिटेक्टिव्ह. विनावाहक गाडीत सुटण्याआधीच सगळ्यांची तिकिटं काढतात, ते प्रिव्हेंटिव्ह. मशीन बंद पडलं की कागदी तिकिटांचा ट्रे बाहेर काढायचा, ते कॉम्पेन्सेटिंग.

मग आप्पांनीच पेच टाकला. “चेकर गाडीत चढला की चोर सापडतो, हे तुझं डिटेक्टिव्ह. पण पुढच्या स्टॉपला चेकर असेल या धास्तीनं जो गपचूप तिकीट काढतो, त्याचं काय?”

“मग तो डिटरंट, आप्पा.”

“अरे, पण चेकर तर एकच की!”

नेमकं हेच परीक्षेत येतं. एकच वस्तू दोन प्रकारांत बसते आणि प्रश्नातलं क्रियापद निवाडा करतं. परावृत्त करणं, ओळखणं, अडवणं, पूर्ववत करणं, यांची इंग्रजी क्रियापदं शोधून त्यांच्याखाली रेघ मारायची सवय लावा. कॅटेगरी हा वेगळा खण आहे: टेक्निकल, मॅनेजेरियल, ऑपरेशनल, फिजिकल. बऱ्याच अभ्याससाहित्यात वॉचमन ऑपरेशनलमध्ये बसतो आणि त्याची केबिन फिजिकलमध्ये. मला ते अजून पटलेलं नाही, पण मार्क तिथेच आहेत.

तुमच्या घरी कंडक्टर नसेल. पण आयटीतला नसलेला कोणीतरी समोर बसवाच आणि मराठीत सांगा. इंग्रजी शब्दामागे लपायला जागा उरत नाही. आप्पांच्या मोबाईलवर ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला, तेव्हा घाई, धाक आणि तोतयेगिरी तिन्ही त्यांनीच मला बोट ठेवून दाखवलं. त्याला स्मिशिंग म्हणतात एवढंच मी सांगितलं. असे मेसेज डिलीट करण्याआधी वहीत उतरवून घ्या, आणि पैसे गेले असतील तर वही बाजूला ठेवून आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

इन्सिडेंट रिस्पॉन्सचा, म्हणजे हल्ला झाल्यावर काय करायचं त्याचा, क्रम मात्र मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या फाइली रॅन्समवेअरने कुलूपबंद केल्या. मी गेलो, फॉरमॅट मारला, बॅकअप परत टाकला, चहा पिऊन आलो. महिन्याभरात परत तेच. दुसऱ्या वेळी फॉरमॅटला हात लावण्याआधी नेटवर्कची केबल काढली आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडला. 4625 च्या ओळीच ओळी, बाहेरच्या आयपीवरून. राउटरवर 3389, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं नंबरी दार), जगाला उघडा होता. तो मीच उघडला होता, घरून सपोर्ट देता यावा म्हणून. तयारी, शोध, विश्लेषण, रोखून धरणं, समूळ काढणं, पूर्ववत करणं, धडा घेणं: पहिल्या वेळी मी विश्लेषण गाळून थेट शेवटून दुसऱ्या पायरीवर उडी मारली होती. प्रश्नात ‘फर्स्ट’ मोठ्या अक्षरांत असेल तर पर्यायांना या क्रमात आकडे द्या. फॉरमॅट हा पर्याय बहुतेक वेळा तिथे असतो आणि आपल्यासारख्या दुरुस्तीवाल्यांसाठीच ठेवलेला असतो.

जोखमीचं गणित अवघड नाही, एकदा खऱ्या आकड्यांनी करा. पतसंस्थेचा सर्व्हर समजा 4,00,000 रुपयांचा. पाणी शिरलं तर 25 टक्के नुकसान, म्हणजे एका प्रसंगाचं 1,00,000. पाच वर्षांतून एकदा, म्हणजे वर्षाला 0.2. वार्षिक अपेक्षित नुकसान 20,000. त्यावर वर्षाला 35,000 चा उपाय कोणी विकत असेल तर या गणिताने तो परवडत नाही.

पोर्ट नंबर पाठ करावेच लागतात. 22, 53, 80, 443, 445, 3389 एवढे तरी झोपेत यावेत. नेटस्टॅट चालवून आपलं यंत्र कोणाशी बोलतंय ते बघत बसलात की लवकर बसतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन आभासी यंत्रं उभी करून एकावरून दुसरं एनमॅप या उघडे पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रॅमने स्कॅन करा, 8 जीबी रॅममध्ये होतं. शेजाऱ्याचं वायफाय किंवा ऑफिसचं नेटवर्क सरावाला घेऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं आयटी कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येतं.

वेळेची वाटणी करताना कॉम्पटिआची विषयसूची समोर ठेवा, ती फुकट मिळते. सिक्युरिटी ऑपरेशन्स 28 टक्के, धोके आणि त्रुटी 22, प्रोग्रॅम मॅनेजमेंट 20, आर्किटेक्चर 18, आणि सुरुवातीच्या मूलभूत संकल्पना फक्त 12. बहुतेक जण त्या 12 टक्क्यांतच महिनाभर रमतात, कारण पुस्तक तिथे सुरू होतं. मीही रमलो होतो. आणि खऱ्या पेपरातले म्हणून विकले जाणारे ‘डंप’ घेऊ नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि त्यांतली कितीतरी उत्तरं चुकीची असतात. वही ठेवणाऱ्याला ती चटकन दिसतात.

पेपरच्या दिवशी सुरुवातीलाच करून दाखवायचे प्रश्न येतात: फायरवॉलचे नियम लावा, लॉग वाचून बाधित यंत्र ओळखा. पहिल्या वेळी मी तिथेच पस्तीस मिनिटं घालवली. दुसऱ्या वेळी ते खूण करून सोडले, सगळे बहुपर्यायी प्रश्न संपवले, आणि सत्तावीस मिनिटं हातात ठेवून मागे आलो. फायरवॉलच्या प्रश्नात नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की तिथेच थांबतात. सगळं नाकारणारी ओळ सगळ्यात खाली आहे ना, एवढं बघून मगच पुढचं बटण दाबा.