नांदेड ते पुणे: पर्यायी रस्ता फाट्यावर ठरवा, कोंडीत नाही

पर्यायी रस्ता लागतो तेव्हा तो शोधायला वेळ नसतो. पुढे ट्रकची रांग, मागे एसटी येऊन टेकलेली, अशा वेळी मोबाइल दाखवेल त्या शिवाररस्त्याला गाडी घातली जाते आणि पाच किलोमीटरवर ती एखाद्या ओढ्यापाशी थांबते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कागदावर आधी फाटे लिहून काढा. फाटा म्हणजे इथे अशी जागा, जिथून वाट बदलता येते आणि जी ओलांडली की पुढचा बराच वेळ ती बदलता येत नाही.

नांदेड-पुणे हे साधारण साडेचारशे किलोमीटरचं अंतर घेऊ. पहिला फाटा नांदेडातच आहे. एक वाट लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, टेंभुर्णीवरून जाते. दुसरी वसमत, परभणी, पाथरी, माजलगाववरून येऊन गढी-पाडळसिंगीजवळ धुळे-सोलापूर महामार्ग ओलांडते आणि पाथर्डी, अहिल्यानगर गाठते. तिसरी अहमदपूरला फुटते: अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड. लातूरच्या वाटेवर अहमदपूर आणि येडशी हे खरे फाटे. येडशीला धुळे-सोलापूर महामार्ग आडवा येतो, त्यामुळे पुढे बार्शीकडे अडचण असेल तर उत्तरेला येरमाळा, चौसाळा, मांजरसुंबा किंवा दक्षिणेला धाराशिव, तुळजापूर, सोलापूर असे दोन दरवाजे उघडे असतात. परभणीच्या वाटेवर हेच काम गढी करतं. तिथून बीडला उतरून आष्टी-कड्यावरून अहिल्यानगरला जाता येतं.

प्रत्येक फाट्याच्या १५-२० किलोमीटर आधी चहाला थांबा आणि पुढची चौकशी तिथेच करा. फाट्यावर पोचून केलेली चौकशी घाईची होते.

वळायचं की नाही, हा हिशेब किलोमीटरचा नसून वेळेचा आहे. चौपदरी रस्त्यावर गाडीचा सरासरी वेग ताशी ७० धरा, चांगल्या दुपदरीवर ५०, जिल्हा मार्गावर ३० ते ३५. पर्याय ३५ किलोमीटरनं लांब असेल आणि रस्ता दुपदरी असेल तर ४२ मिनिटं तिथेच गेली. वाटेतल्या गावांचे गतिरोधक आणि चुकलेलं एखादं वळण यांची २० मिनिटं त्यात मिळवा. म्हणजे कोंडी तासाभरात सुटणार असेल तर जागचं हलू नका. मोबाइलवरच्या वेळेवर डोळे झाकून विसंबू नका. तो सांगेल त्या किलोमीटरना त्यानंच दिलेल्या तासांनी भागा. उत्तर ताशी ३५ च्या खाली आलं तर ती वाट वस्ती-तांड्यांतून जाते असं समजा.

रस्त्याची रुंदी मात्र नीट बघा, कारण मराठवाड्यात पावसाळ्यात सगळा खेळ तिथेच होतो. एकपदरी डांबर ३.७५ मीटर असतं, मधल्या दर्जाचं ५.५, दुपदरी ७. एसटी किंवा ट्रक अडीच मीटर जागा खातो. एकपदरीवर समोरून एसटी आली की तुमची दोन चाकं साइडपट्टीवर उतरणार. उन्हाळ्यात काही बिघडत नाही. पण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मऊ पडते. वरून कोरडी दिसणारी पट्टी चाक पडताच खचते आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत झुकते. तिला बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागतो. हीच माती उन्हात आकसते, त्यामुळे तिच्यावरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. भरलेली छोटी गाडी अशा लाटेवर खालून घासते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ५.५ मीटरपेक्षा अरुंद रस्ता पर्याय म्हणून धरूच नका.

रस्ता कोणत्या दर्जाचा, हे किलोमीटरच्या दगडावरून कळतं. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक. महामार्गावरून वळल्यावर पहिलाच दगड केशरी दिसला तर परत फिरा.

पावसाचं गणित आकाशाकडे बघून सुटत नाही. आपल्याकडे सप्टेंबरातला पाऊस जोराचा असतो आणि तोवर धरणं भरत आलेली असतात. डोक्यावर ऊन असतं, पण वर जायकवाडीचे दरवाजे उघडले की पैठण, शहागड, गंगाखेड, नांदेड या क्रमानं गोदाकाठ चढत जातो. मांजरा धरणातून विसर्ग सुरू झाला की खालच्या लातूर भागातल्या नदीकाठच्या वाटा धोक्यात येतात. म्हणून निघायच्या सकाळी पावसाच्या अंदाजाबरोबर धरणांच्या विसर्गाची बातमीही बघा. नकाशा उपग्रहाच्या दृश्यात उघडा आणि तुमची वाट कोणत्या नद्या कुठे ओलांडते ते मोजा. मोठ्या रस्त्यांवरचे पूल उंच असतात. गावरस्त्यांवर बहुधा नळकांडी पूल असतात. नळ्यांत काटक्या आणि पाचट अडकलं की पाणी वरून वाहतं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ढकलत नेतं. गढूळ पाण्याखाली पुलाचा कठडा आहे की भगदाड, हे दिसत नाही. कोणी पलीकडे गेला म्हणून त्याच्यामागे जाऊ नका.

पाऊस सरला की ऊस. गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, माजलगाव, अंबाजोगाई, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर मातीनं बुजलेला असतो आणि उसाची टोकं ट्रॉलीबाहेर दोन-तीन फूट आलेली असतात. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर ती मोटारसायकल वाटते. या महिन्यांत अंधार पडल्यावर दुपदरी पर्याय घेऊ नका. चौपदरीवर ४० किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

पंचांगही जवळ ठेवा. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा नांदेड-लातूर रस्त्यावरच भरते. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेची गर्दी मांजरसुंब्याला जाणवते, चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची येरमाळ्याला. नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी भाविकांची रांग असते आणि वाहतूक वळवली जाते, तेव्हा येडशीचा दक्षिण दरवाजा बंद आहे असंच धरा.

चौकशी कोणाला करायची, यालाही महत्त्व आहे. मोटारसायकलवाल्याला विचाराल तर तो ‘चांगलाय की रस्ता’ म्हणेल, कारण तो खड्ड्याच्या कडेनं निघून जातो. एसटीच्या चालकाला किंवा दुधाच्या टेम्पोवाल्याला विचारा, आणि प्रश्न असा ठेवा: ‘दादा, सकाळपासून टेम्पो गेला का इकडून? किती वेळ लागतो?’ ‘एसटी बंद आहे’ असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. दोन वेगळ्या गावांत विचारा.

निघताना टाकी भरा आणि अर्ध्यावर आली की पुन्हा भरा. सीएनजीची गाडी असेल तर निदान १० लिटर पेट्रोल टाकीत ठेवा. १५ च्या ॲव्हरेजनं १५० किलोमीटरची सोय होते. स्टेपनीतली हवा आदल्या दिवशी तपासा, जॅक आणि पाना सामानाच्या वर ठेवा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फाट्यांचा कागद पुढे बसणाऱ्याच्या हातात द्या. पहाटे पाचला निघा: जाताना तोंड पश्चिमेला असतं, दुपारी चारनंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि दुपदरीवर ओव्हरटेकचा अंदाज चुकतो.

वळल्यानंतर घड्याळ लावा. पहिल्या पाच किलोमीटरना १२ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर पुढे रस्ता सुधारेल या आशेवर राहू नका. गाडी वळवायला शाळेचं पटांगण किंवा पेट्रोल पंप गाठा, साइडपट्टीवर वळवू नका, आणि मागच्या फाट्यावर या.