विटेचं पाणी ब्लॉकला चालत नाही: भिंत बांधताना या चुका टाळा

घर बांधायला काढलं की सळईच्या कंपनीवरून घरात वाद होतात, गवंड्याशी दर ठरवण्यात आठवडा जातो आणि वीट मात्र ‘ट्रॅक्टरवाला टाकतोय की’ म्हणून सुटून जाते. पुढे भिंतीला तडा गेला की बोलणी सिमेंटला. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तड्यांचं मूळ वेगळंच निघालं. लाल वीट, सिमेंटचा ब्लॉक आणि पांढरा हलका ब्लॉक, तिघांवर एकच हात चालवलेला असतो. हात अर्थातच लाल विटेचा, कारण गवंडी त्याच्यावरच शिकलेला असतो.

लाल विटेपासून सुरुवात करू. भट्टीतल्या सगळ्या विटा सारख्या भाजत नाहीत. मधल्या पक्क्या होतात, कडेच्या पिवळट आणि कच्च्या राहतात, आचेला अगदी लागून असलेल्या वितळून वाकड्या होतात. त्या शेवटच्यांना खंगर म्हणतात. ट्रॅक्टरमध्ये वरचा थर लालबुंद आणि खाली पिवळ्या, हा प्रकार काही नवा नाही. म्हणून गाडी खाली होत असताना मधल्या आठ-दहा विटा हातानं काढून बघा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज आला पाहिजे. ‘भद्द’ वाजली तर कच्ची. नखानं ओरखडा उठता कामा नये, आणि कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर पाडली तर तुकडे होता कामा नयेत.

शंका उरलीच तर कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. साध्या विटेनं आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे तीन किलोच्या विटेनं सहाशे ग्रॅमपर्यंत. हीच वीट नंतर फोडून आत पांढरे खडे आहेत का तेही बघा. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते. ती भट्टीत भाजून कळीचा चुना होते, आणि वर्षभरानं भिंतीत ओल शिरली की फुगून गिलाव्याची टिकली उडवते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर रंगाऱ्याला दोष देऊ नका.

आता पाण्याचं. कोरडी वीट मसाल्यातलं, म्हणजे कालवलेल्या रेती-सिमेंटमधलं, पाणी ओढून घेते. मग सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो. चार दिवसांनी वीट हातानं हलवून सुटली, तर कारण बहुधा हेच. ढिगावर पाइप धरला म्हणजे वीट भिजली असं नव्हे, वरच्या दोन थरांची फक्त धूळ निघते. टाकीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. मात्र बाहेर काढल्यावर पाणी निथळू द्या. चिंब वीट मसाल्यावर तरंगते आणि ओळंब्यात राहत नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. विटेवरची नावाची खाच वरच्या बाजूला ठेवा, खाली केली तर ती पोकळ राहते. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. कालवलेला माल दोन तासांत संपवा. जेवणानंतर त्यातच पाणी घालून पुन्हा सारखा करणं सर्रास चालतं, पण तो माल मेलेला असतो. एका दिवसात दीड मीटरच्या वर भिंत चढवू नका. आणि भिंतीवर किमान सात दिवस पाणी मारा.

सिमेंटच्या ब्लॉकला मात्र हे भिजवणं बाधतं. तो भाजलेला नसतो, दाबून काढून पाण्यावर पिकवलेला असतो. भिजला की किंचित फुगतो, सुकला की आकसतो, आणि भिंतीत बसल्यावर आकसला तर सांध्यासांध्यानं पायऱ्यांसारखी भेग उतरते. कडक उन्हात कड थोडी ओली केली तरी पुरे. त्याहून मोठी चूक ताजा ब्लॉक घेण्याची आहे. कारखान्यातून चार दिवसांत आलेला ब्लॉक अजून आकसायचा असतो. पाण्यावरचे दिवस भरून तो चांगला सुकलाय का, हे विचारूनच गाडी मागवा.

तिसरा तो पांढरा हलका, म्हणजे एएसी ब्लॉक, ज्याला अनेक साइटवर अजून सायपोरेक्सच म्हणतात. राख, चुना, सिमेंट, जिप्सम यांच्या घोळात चिमूटभर अॅल्युमिनियमची पावडर पडते, वायू सुटतो आणि सगळं ढोकळ्यासारखं फुगतं. मग तारेनं कापून दाबाच्या वाफेत शिजवतात. सहा-सात विटांची जागा भरणारा चार इंची ब्लॉक म्हणूनच जेमतेम सात-आठ किलोचा असतो. पण ही हवेची भोकं पाणीही पितात. त्याला टाकीत बुडवणं म्हणजे पुढच्या भेगांची तयारी करणं. धूळ झटका, ब्रशानं हलकं पाणी फिरवा, बस्स. रेती-सिमेंटचा जाड थर इथे घालू नका. तयार मिळणारा ब्लॉक-मसाला दोन-तीन मिलिमीटरचाच लावायचा असतो. पहिला थर लेव्हलमध्ये नसेल तर हा पातळ सांधा तो सावरू शकत नाही, त्यामुळे अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण पहिला थर मनासारखा बसवून घ्या.

वायरिंगवाला छन्नी-हातोडा घेऊन आला तर त्याला थांबवा. या भिंतीत खाचा कटर मशीननंच पाडायच्या. कॉलमला जिथे ब्लॉक भिडतो तिथे गिलाव्याआधी जाळी लावा. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या आकसतात, आणि जाळी नसेल तर त्या रेषेवर भेग हमखास येते.

सगळ्यात जास्त वाद बीमखालच्या फटीवरून होतो. गवंड्याला ती त्याच दिवशी ठासून भरायची घाई असते, कारण मग त्या भिंतीचं बिल निघतं. पण वरचं बांधकाम चढत जातं तसा बीम थोडा वाकतो आणि खालच्या भिंतीवर बसतो. बोटभर फट सोडा आणि वरचे मजले उरकल्यावर भरा. बिलाचं मोजमाप हवं तर आधीच करून द्या.