दहावीचे पाचही विषय एका खेपेत देऊ नका

घरी शिकणाऱ्या मुलाला 14 वर्षं पूर्ण झाली की ‘एनआयओएस’मधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी देता येते, हे बऱ्याच पालकांना ठाऊक असतं. पण नोंदणी पाच वर्षं टिकते आणि पास झालेले विषय खात्यात जमा राहतात, ही खरी सोय फार थोडे वापरतात. एकूण विषय पाच, त्यांत निदान एक भाषा. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

आमच्या थोरलीने पहिल्या खेपेला फक्त मराठी आणि गृहविज्ञान दिलं. परीक्षेची धास्ती तिथेच गेली. बाकीच्या विषयांना पुढचे सहा महिने निवांत मिळाले, शिवाय सकाळचा तबल्याचा रियाज सुटला नाही. अवघड वाटणारा विषय मात्र शेवटच्या खेपेवर ढकलू नका. तो राहिला तर सगळा निकाल अडकतो.

आणखी एक: ‘टीएमए’ म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना 20 टक्के भार असतो. त्यांची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लाल पेनाने लिहा. विज्ञानासारखा प्रात्यक्षिकाचा विषय घेणार असाल, तर अभ्यासकेंद्र शक्यतो घराजवळचं निवडा.