आउटबोर्ड इंजिन किती उंचीवर बसवावे : उजनीतील बोटींसाठी मार्गदर्शन

करमाळा तालुक्यात केत्तूर-वाशिंबेच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर बोट चालवणाऱ्याला आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लटकणाऱ्या, इंजिनाच्या उंचीचा विचार सहसा करावा लागत नाही. इंजिन मागच्या फळीवर टेकवायचे, चाप आवळायचे आणि निघायचे, एवढ्यावर बोट चालते. परंतु इंजिन गरजेपेक्षा खाली बसले असेल तर गिअरकेसचा, म्हणजे पंखा ज्याला जोडलेला असतो त्या इंजिनाच्या खालच्या भागाचा, मोठा हिस्सा विनाकारण पाण्यातून ओढला जातो, वेग कमी मिळतो, सुकाणू जड लागते, मागे पाणी उडते आणि डिझेल-पेट्रोलच्या आजच्या भावात ही ओढाताण खिशालाही जाणवते. उलट ते फार वर बसले तर पंखा हवा ओढू लागतो, इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) एकदम चढतात, बोट मात्र पुढे जात नाही, आणि थंड ठेवणारे पाणी कमी पडून इंजिन तापते. या दुसऱ्या चुकीचे नुकसान अधिक असल्यामुळे सुरुवात खालून करावी आणि टप्प्याटप्प्याने वर जावे.

प्रथम शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची, लांबी बोटीला जुळते की नाही हे पाहावे. शाफ्ट साधारणपणे 15, 20 आणि 25 इंचांच्या फळीसाठी बनवलेले असतात, आणि जुने इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून 15 इंचांच्या फळीवर 20 इंची शाफ्ट लटकवला तर पुढील कोणतीही जुळवणी उपयोगाची ठरत नाही. फळीचे माप तिच्या वरच्या कडेच्या मध्यापासून बोटीच्या तळापर्यंत, फळीच्या उताराला धरून घ्यावे. इंजिनाचे माप ब्रॅकेट ज्या ठिकाणी फळीवर टेकते तेथून कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत घ्यावे. ही प्लेट म्हणजे पंख्याच्या लगेच वर असलेली आडवी, चपटी पट्टी. पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये, यासाठी ती असते. कंपनीने लिहिलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष टेपने घेतलेले माप खरे मानावे, कारण 20 इंची म्हणून विकली जाणारी सर्व इंजिने तंतोतंत 20 इंची नसतात.

बोट ट्रेलरवर किंवा लाकडी ओंडक्यांवर स्थिर ठेवून गवंडी वापरतात तशी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तळाच्या मध्यरेषेला घट्ट लावावी आणि तिचे टोक मागे इंजिनापर्यंत न्यावे. इंजिन असे टेकवावे की प्लेट तळाला समांतर राहील. ते तिरके असताना घेतलेले माप फसवते. प्लेट आता पट्टीच्या रेषेत असावी, किंवा फार तर एक इंच खाली. समजा फळी 47 सेंटिमीटर भरली आणि इंजिन 50.8 सेंटिमीटर, तर प्लेट तळाच्या 3.8 सेंटिमीटर खाली राहील. मोठ्या इंजिनांच्या ब्रॅकेटवर वरच्या बोल्टसाठी एकाखाली एक छिद्रे असतात आणि त्यांतील अंतर बहुधा पाऊण इंच, म्हणजे सुमारे 1.9 सेंटिमीटर असते. त्यामुळे इंजिन दोन छिद्रे वर घेतले की प्लेट रेषेत येते. हातचापाच्या लहान इंजिनाला छिद्रे नसतात, तेथे फळीच्या माथ्यावर सागवानी पट्टी पक्की बसवून उंची वाढवता येते, मात्र चापाला खाली पकडण्यापुरती फळी उरली पाहिजे आणि इंजिनाला सुरक्षा साखळी हवीच. इंजिन फळीपासून मागे सरकवणारे ब्रॅकेट लावले असेल तर हिशोब बदलतो, कारण तळाखालून सुटलेले पाणी मागे थोडे वर उठते. साधारण 8 ते 10 इंच मागे सरकल्यास एक इंच उंची वाढवावी लागते.

जमिनीवरचे माप ही केवळ सुरुवात आहे, खरा निर्णय पाण्यावर होतो. रोज जेवढी माणसे, जाळी आणि इंधन असते तेवढे भरूनच चाचणी घ्यावी. रिकाम्या बोटीवर ठरवलेली उंची भरलेल्या बोटीला जुळेलच असे नाही. लाइफ जॅकेट घालून, इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधून, मोकळ्या पाण्यात पूर्ण वेग द्यावा आणि दुसऱ्या माणसाने बसल्या जागेवरून मागे पाहावे. बोट पाण्यावर उचलली गेल्यावर प्लेटवरून पाण्याचा पातळ थर सरकताना दिसला, तर उंची योग्य आहे. प्लेट खोल बुडालेलीच राहत असेल तर एक छिद्र वर घेऊन पुन्हा तपासावे. वळताना किंवा लाटेवर आरपीएम उसळले, अथवा इंजिनामागून निघणारी पाण्याची पिचकारी मंदावली, तर एक छिद्र खाली यावे. आरपीएम कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात बसतात की नाही हेही पाहावे. ते तेवढे चढत नसतील तर दोष उंचीचाच असतो असे नाही, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) जास्त असू शकतो.

उजनीत एक गोष्ट हमखास चकवते. जलपर्णी किंवा जाळ्याचा तुकडा गिअरकेसवरच्या, थंड ठेवणारे पाणी आत घेणाऱ्या जाळीवर अडकला तरी पिचकारी मंदावते आणि इंजिन तापते, आणि पंख्याच्या आतील रबरी बुश घसरू लागले तरी आरपीएम असेच उसळतात. म्हणून इंजिन खाली घेण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेल्यावर, म्हणजे उपयुक्त साठा संपल्यावर, बुडालेली खोडे आणि जुन्या भिंती वर येतात, तेव्हा इंजिन कायमचे वर बसवण्याचा मोह होतो. तो मला चुकीचा वाटतो. उथळ पाण्यात कमी वेगाने, इंजिन टिल्ट करून (तिरके उचलून), पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बुडालेल्या ठेवून जावे.

उंची ठरल्यावर बोल्ट काढून त्यांच्या छिद्रांत मरीन सीलंट भरावे, नाहीतर लाकडी गाभ्याची फळी आतून कुजते. स्टेनलेसचे बोल्ट आणि मोठे वायसर वापरून ते आवळावेत, पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावेत, आणि इंजिन दुरुस्तीला उतरवले तरी त्याच छिद्रात परत बसेल अशी रंगाची खूण ब्रॅकेटवर करून ठेवावी.